हलवून घ्यायचा खाऊ

आमच्या घरात मुठीत मावेल एवढं एक भांडं आहे. पांढरं, त्यावर निळी वेलबुट्टी. घरी आलेल्या जवळपास प्रत्येकाने ते एकदा तरी कानाशी धरून खुळखुळवलं आहे. आत काहीतरी आहे हे ऐकू येतं, पण दिसत नाही, कारण गळा जेमतेम करंगळी जाईल एवढा आणि त्यावर लाकडी बूच. मग अंदाज सुरू होतात. अत्तरदाणी, सोया सॉसची बाटली, एकाच फुलाची फुलदाणी. गणपतीच्या आरतीला आलेल्या एका काकांनी तर ते उचललं, हलवलं आणि चटका बसल्यासारखं परत ठेवलं. "यात कुणाच्या... नाहीत ना?" म्हणाले. टोकियोत वीस वर्षं काढलेला माणूस!

त्यात खाऊ असतो. साखरेचे बारीक, काटेरी दाणे. जपानीत या भांड्याला फुरिदाशी म्हणतात. फुरु म्हणजे हलवणं, दासु म्हणजे बाहेर काढणं. प्रवासात किंवा बागेत चहा करायचा झाला तर त्याचं सगळं सामान एका छोट्या लाकडी पेटीत बसवून नेतात. त्या पेटीत वाडग्याशेजारी ही फुरिदाशीही असते. कडू माच्चा, म्हणजे पूड घुसळून केलेला हिरवा चहा, पिण्याआधी पाहुण्याने तोंड गोड करायचं. बूच काढायचं, भांडं तिरकं करून अलगद हलवायचं, समोरच्या घडीच्या कागदावर तीन-चार दाणे पडले की भांडं पुढच्याकडे. हात घालायची सोयच नाही. आमच्या मिरजेच्या घरी खाऊचा डबा उंच फळीवर ठेवायचे आणि तरी तो रिकामा व्हायचा. इथे कुंभारानेच गळा एवढासा ठेवून प्रश्न मिटवलाय.

आत्याला हे भांडं व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा तिने विचारलं, "अस्सल जपानी आहे ना गं? नाहीतर चीनचा माल असायचा." चार वर्षं झाली. दर फोनला मी या प्रश्नाचं थोडं थोडं उत्तर देते आणि ते काही संपत नाही.

भांडं घेतलं आरितात. क्यूशू बेटावर, सागा प्रांतात, डोंगरांच्या बेचक्यात हे गाव आहे. टोकियोहून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, हाकाता पाच तास, पुढे मिदोरी गाडीने आणखी तास-सव्वा तास. २९ एप्रिल ते ५ मे तिथे भांड्यांचा बाजार भरतो. बाजार कसला, जत्राच. रस्त्याच्या दोन्ही कडांना फळ्या टाकून मांडलेल्या बश्या, वाडगे, चमचे, आणि त्यातून वाट काढणारी माणसं. गावात जिकडे बघावं तिकडे भट्टी. गल्ल्यांच्या भिंती जुन्या भट्ट्या मोडून निघालेल्या विटांच्या, त्यांवर वितळून गोठलेल्या काचेचे ओघळ. गावच्या देवळासमोरची तोरी, म्हणजे आपल्या कमानीसारखं दार, तीसुद्धा पोर्सिलेनची, पांढऱ्यावर निळी वेल, १८८८ सालची. पायऱ्या चढताना मध्येच रेल्वेचे रूळ आडवे येतात. आधी गाडी जाऊ द्यायची, मग देव.

जुन्या वस्तूंच्या एका अरुंद दुकानात मला ते दिसलं. लसणाच्या गड्ड्यासारखं पोट, वर बारीक गळा. पांढरा रंग निखळ नाही, नीळ दिलेल्या सुती कपड्याला असते तशी झाक. दुकानदार म्हाताऱ्या गृहस्थांनी "मेइजीच्या शेवटाकडचं", म्हणजे १९१२ला संपलेल्या मेइजी राजवटीतलं, म्हणून सांगितलं आणि खात्री पटावी म्हणून भांडं उपडं करून तळ दाखवला. तिथे निळ्यात सहा अक्षरं. मी तेव्हा नुकतीच जपानीची एक परीक्षा पास झाले होते, त्यामुळे अंगात आलेलं होतं. वाचून काढलं: महान मिंग, चेंगह्वा राजवटीत बनवले.

म्हणजे चिनी! चेंगह्वा बादशहाचा काळ १४६५ ते १४८७. त्या काळचं खरं भांडं चार हजार येनला कोण देतंय, म्हणजे वर खोटंही. मी वाकून आभार मानले आणि बाहेर पडले. आत्याचा आवाज आत्याच्या आधीच कानात आला होता.

पुढच्या दुकानात एका बशीखाली तीच सहा अक्षरं. त्याच्या पुढच्यात एका सुरईखाली. चौथ्या ठिकाणी न राहवून विचारलं, तेव्हा तिथल्या मुलीला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. आरितातले कारागीर सतराव्या शतकापासून भांड्यांच्या तळाशी मिंग राजवटींची नावं लिहीत आलेत. उत्तम भांडं म्हणजे चिनी, ही समजूत इतकी मुरलेली की ती अक्षरं नक्षीचाच भाग होऊन बसली. लग्नपत्रिकेच्या माथ्यावर आपण "श्री गजानन प्रसन्न" छापतो, तो खरोखर प्रसन्न आहे का हे कोणी तपासायला जात नाही, तसंच हे. मी धावत पहिल्या दुकानात परत गेले. भांडं होतं तिथेच होतं. आजोबांनी काही न बोलता वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं.

घरी आल्यावर मी त्याच्यामागे लागले, आणि आत्याच्या प्रश्नाचं उत्तर लांबतच गेलं.

मातीपासून सुरुवात करू. १५९२ ते १५९८ या काळात जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने कोरियावर दोनदा स्वारी केली. स्वाऱ्या फसल्या, पण परतताना सरदारांनी तिथले कुंभार जहाजांवर घालून "आणले". इतिहासाच्या पुस्तकांत हे क्रियापद फार सभ्यपणे वापरतात. आरिताच्या भागावर राज्य करणाऱ्या नाबेशिमा सरदारांच्या माणसांबरोबर आलेल्यांपैकी एक होता यी साम-प्योंग. परंपरा सांगते की, पोर्सिलेनला लागणारा पांढरा दगड त्याला आरिताच्या इझुमियामा डोंगरात सापडला आणि १६१६ साली जपानचं पहिलं पोर्सिलेन भाजलं गेलं. त्याआधी जपानात उत्तम मातीची भांडी होती, पण हे पांढरं, टणक, टिचकी मारली की किणकिणणारं प्रकरण नव्हतं. पोर्सिलेनच्या तोरीचं ते देऊळ आहे ना, तिथे सम्राट ओजिन आणि नाबेशिमा सरदारासोबत या कोरियन कुंभाराचीही पूजा होते. धरून आणलेला माणूस आणि आणवणारा सरदार एकाच गाभाऱ्यात. त्या दोघांचं आत काय बोलणं होत असेल, हा विचार मला तिथे पायरीवरच आला होता, पण तेवढ्यात गाडी आली.

मग वेल. माझ्या भांड्यावरच्या नक्षीला म्हणतात ताको-काराकुसा. ताको म्हणजे ऑक्टोपस. गोल गोल वळणाऱ्या देठांवर दाटीने काढलेली बोंडासारखी पानं त्याच्या सोंडांवरच्या वाट्यांसारखी दिसतात. आणि काराकुसा म्हणजे शब्दशः चिनी गवत. म्हणजे नावातच परमुलूख.

मग निळा. कोबाल्टचा हा रंग, जपानीत गोसू. चिनी कुंभारांनी त्याचा चांगला माल एके काळी इराणातून मागवला, जपान्यांनी चीनमधून. माझ्या भांड्याचा निळा मात्र जरा भडकच आहे, जुन्या आरिता भांड्यांत असतो तसा धुरकट नाही. त्यालाही कारण आहे. १८७० मध्ये गॉटफ्रीड वागेनर नावाचा जर्मन माणूस आरितात आला आणि त्याने तिथल्या लोकांना रसायनशाळेत तयार झालेला कोबाल्ट वापरायला शिकवलं. तो स्वस्त आणि चोख, म्हणून भराभर पसरला. तेव्हा मेइजीच्या शेवटाचं भांडं म्हटल्यावर हा युरोपी निळाच असणार.

आत्याला एवढं सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे दगड शोधला कोरियाच्याने, रंग जर्मनाचा, शिक्का चीनचा. मग तुझ्या जपान्यांनी केलं काय?"

प्रश्न चोख होता. त्याचं उत्तर मात्र मला आरितातच मिळून गेलं होतं, फक्त ते उत्तर आहे हे तेव्हा कळलं नव्हतं.

बाजाराच्या दिवसांत काही कारखाने बघ्यांसाठी दार उघडं ठेवतात. अशा एका ठिकाणी खिडकीपाशी एक बाई काम करत होत्या. आरितात बाह्यरेषा एक जण काढतो आणि आतला रंग दुसरं कोणी भरतं. या भरण्याला दामी म्हणतात आणि ते परंपरेने बायकांचं काम. त्यांच्या हातात छोट्या वांग्याएवढा फुगीर कुंचला होता, टोकाला मात्र सुईसारखा. वाटीत काळपट राखाडी पाणी. निळं काहीच नाही! रंग कालवायला चहाचा काढा वापरतात, त्यातल्या टॅनिनमुळे तो बरा बसतो, असं भिंतीवरच्या फलकावर लिहिलं होतं. (चहासाठीचं भांडं चहातच रंगवायचं, हे मला फार आवडलं.)

भांडं एकदा साधारण ९०० अंशांवर भाजलेलं, पण अजून ग्लेझ, म्हणजे काचेसारखी चकाकी देणारा लेप, न लावलेलं. अशा वेळी ते टीपकागदासारखं असतं. थेंब टेकला की प्यायलंच. बाईंनी भांडं आडवं धरलं. कुंचल्याचं पोट बोटांनी किंचित दाबलं. रेषेच्या आत पाण्याचं एक टपोरं डबकं तयार झालं आणि त्या ते कुंचल्याच्या टोकाने पुढे पुढे नेऊ लागल्या. कुंचला भांड्याला टेकतच नव्हता म्हणा ना, फक्त पाण्याला वाट दाखवत होता. पान संपलं तशी दाबलेली बोटं सैल केली आणि उरलेलं पाणी कुंचल्याने परत ओढून घेतलं. मध्ये कुठे हात थबकला तर तिथे डाग. पण तो डागही तेव्हा दिसत नाही. पुढे सगळं भांडं ग्लेझच्या पिठूळ पांढऱ्या द्रवात बुडवतात आणि रंगवलेलं सगळंच झाकून जातं. मग १३०० अंशांच्या आसपास भट्टी. ग्लेझची काच होते आणि तिच्याखालून निळा वर येतो. म्हणजे दिवसभर निळा भरणाऱ्या बाईला तिच्या हातात निळा कधीच दिसत नाही.

मी विचारलं, कसं कळतं किती गडद होईल? त्या हसल्या आणि भांड्याकडून नजर न काढता म्हणाल्या, "कळत नाही. हाताला माहीत असतं."

माझं भांडं बनलं त्या मेइजी काळात कागदी साचे लावून किंवा तांब्याच्या पत्र्यावरून छापून नक्षी उतरवायची युक्ती जोरात होती. छापील माल दहा ठिकाणी दहादा सारखा असतो आणि कागदाचे कोपरे जिथे जुळतात तिथे वेल तुटते. त्यामुळे मी भिंग घेऊन माझ्या भांड्याभोवती जोड शोधत बसले. जोड नाही. पण गळ्याच्या खाली, मागच्या अंगाला, एक वळण बिचारं चेपून बसलंय. वेल काढत काढत गोल फिरून आलेल्या कारागिराला शेवटी कळलं असणार की अजून एक पुरं वळण बसत नाही आणि अर्ध्याने जागा रिकामी राहते. मग त्याने एक लहानसं, अंग चोरून बसलेलं वळण घुसवलं, गच्च भरलेल्या एसटीत तिसऱ्या माणसाने सीटवर टेकावं तसं. त्याच्या पानांना पूर्ण उमलायलाही जागा नाही. आणि रंग भरणाऱ्या बाईचं पाणी तिथे रेषेबाहेर अर्धा मिलिमीटर सांडलंय. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दोन माणसांची एकाच जागी झालेली अडचण. पाहुणे आले की मी भांड्याची तीच बाजू पुढे करून ठेवते.

आता आतला खाऊ. त्याचं नाव कोम्पेइतो. लिहिताना जी चित्राक्षरं वापरतात त्यांचा अर्थ सोनं, सपाट, साखर. प्रत्यक्षात त्यात सोनं नाही आणि सपाट तर अजिबात नाही. ही अक्षरं नुसती आवाज जुळवायला लावली आहेत, कारण मूळ शब्द पोर्तुगीज, कोन्फेइतो. जपानीत पावाला पान म्हणतात आणि आपण पाव, दोघांनीही तो शब्द पोर्तुगीजांच्याच पाटीतून उचलला. हे लक्षात आलं त्या दिवशी मी बेकरीत उगीचच दोन जास्तीचे घेतले.

आणि ही साखर आली ती वाट आपल्या गोव्यावरूनच जाते. लुईस फ्रोइस हा पोर्तुगीज पाद्री १५४८ मध्ये सोळा वर्षांचा असताना गोव्यात पोचला. त्याच वर्षी गोव्यात आंजिरो नावाच्या जपानी माणसाचा बाप्तिस्मा झाला होता आणि पुढच्या वर्षी फ्रान्सिस झेवियर त्याला घेऊन जपानला निघाला. फ्रोइस १५६३ मध्ये तिथे गेला. १५६९ मध्ये क्योतोत ओदा नोबुनागा या तेव्हाच्या बलाढ्य सरदाराला भेटताना त्याने नजराणा दिला, त्यात काचेच्या कुपीत भरलेला कोन्फेइतो होता. माणसं कापण्यात आणि देवळं जाळण्यात हात न आखडणारा नोबुनागा एक काटेरी दाणा जिभेवर घेऊन बसलाय, हे चित्र मला फार दिवस पुरलं.

पुढे १६३९ मध्ये पोर्तुगीजांना हाकललं, पण साखर राहिली. १६४१ पासून नागासाकीच्या देजिमा बेटावर डच कंपनीला कोंडून ठेवलं आणि ती कंपनी जहाजं भरभरून साखर आणू लागली. (याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यातही होती, तिच्या पडक्या भिंती अजून आहेत.) नागासाकीहून सागा प्रांतातून कोकुराकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याला आज शुगर रोड म्हणतात. त्याच्या कडेकडेच्या गावांत कासुतेरा, मारुबोरो अशी परदेशी वळणाची गोडाची दुकानं अजून आहेत. साखर याच भागातून जायची आणि पोर्सिलेनही इथेच व्हायचं. इथलंच पोर्सिलेन डच लोक इमारी बंदरातून येणारं म्हणून इमारी या नावाने जगभर विकत होते, आपण मॉरिशसच्या साखरेला मोरस म्हणायला लागलो तसं.

कोम्पेइतो कसा करतात ते वाचताना मी खुर्चीतून उठलेच. सतराव्या शतकात नागासाकीत त्याच्या पोटात तिळाचा दाणा असायचा. तीळ! तापलेल्या भांड्यात तीळ घालायचे, वरून साखरेचा पाक थोडा थोडा सोडायचा, हलवत राहायचं. आज तिरक्या, सावकाश फिरणाऱ्या मोठ्या कढईत करतात आणि तरी दोन आठवडे लागतात. दाणा दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो. दाणे घरंगळल्याचा आवाज ऐकून कारागीर ठरवतो पाक कधी घालायचा. क्योतोत १८४७ पासून फक्त कोम्पेइतोच करणारं एक घराणं आहे.

आणि आमच्या मिरजेला? पौषातल्या पहाटे आत्या शेगडीत विझत आलेले निखारे घेऊन बसायची. वर पितळी परात, परातीत निवडलेले तीळ. शेजारी पातळ पाक, दूध घालून मळी काढलेला, फडक्यातून गाळलेला. चमचाभर पाक घालायचा आणि तो सुकेपर्यंत बोटांनी तीळ फिरवत राहायचे. मग पुढचा चमचा. असं तीन दिवस, चार दिवस. तिची बोटांची टोकं लाल होऊन सोलायची. आम्हा पोरांना खोलीत पाऊल टाकायची बंदी, कारण आमच्यामुळे काटा मोडतो! थंडी हवी, आच मंद हवी आणि मन शांत हवं, असं तिचं शास्त्र. या हलव्याचे दागिने घालून माझी बोरन्हाणाची तसबीर काढली आहे. तीत मी मुकुट चोखते आहे.

काटा का येतो या कोड्यात जपानमध्ये तेरादा तोराहिकोसारखा भौतिकशास्त्रज्ञसुद्धा पडला होता. थर गुळगुळीत बसत जायला हवेत, पण जिथे कणभर उंचवटा झाला तिथेच पुढचा थर जास्त बसतो आणि उंचवट्याचा काटा होतो. आत्याला हे सांगितलं. "हो, पण मन शांत हवंच," ती म्हणाली.

या जानेवारीत मी स्वतः हलवा करायचा घाट घातला. टोकियोतल्या निशीकासाईच्या फ्लॅटमध्ये कोळसा पेटवला तर इमारतीची धोक्याची घंटा वाजेल. तेव्हा विजेची शेगडी आणि नॉनस्टिक तवा. पहिल्या दिवशी तिळांचा गोळा झाला. दुसऱ्या घाण्याला बोटं भाजली. तिसऱ्या दिवशी, पाक अगदी थेंबाथेंबाने घालायला लागल्यावर, काही दाण्यांच्या अंगावर शहारा आल्यासारखं दिसलं. निम्म्यांना काटा, निम्मे टकले. तेवढ्यावर समाधान मानून मी तो हलवा फुरिदाशीत भरला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पाच-सहा मैत्रिणी आल्या होत्या आणि शेजारच्या जपानी आजीही. आत्या फोनवर होती, फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा. मी मोठ्या ऐटीत बूच काढलं, भांडं तिरकं केलं, हलवलं. काही नाही. जोरात हलवलं. आतून नुसता खडखडाट. माझे दाणे कोम्पेइतोपेक्षा मोठे आणि वेडेवाकडे झाले होते, गळ्यापाशी एकमेकांत काटे अडकवून बसले होते. कोणीतरी उदबत्तीची काडी आणून दिली. आत्या फोनमधून ओरडत होती, "अगं घाई नको करूस, हळू, हळू!"

आजींनी दोन्ही हात पुढे केले. मी भांडं त्यांच्या ओंजळीत दिलं. त्यांनी आधी ते फिरवून ते चेपलेलं वळण पाहिलं, त्यावरून अंगठा फिरवला. मग भांडं जवळजवळ आडवं धरून दोन तळव्यांमध्ये लाटण्यासारखं सावकाश फिरवलं आणि तर्जनीने एक टिचकी मारली. किणकिण झाली. त्यांच्या तळहातावर तीन दाणे पडले, दोन काटेरी, एक टकला.

"आरा, कोम्पेइतो!" आजी म्हणाल्या आणि टकला आधी तोंडात टाकला.

"काय म्हणाल्या गं त्या?" आत्याने विचारलं.

"हलवा म्हणाल्या," मी सांगितलं.